रिकाम्या बोटीतली बरगडी

वेंगुर्ल्याच्या बंदरात त्या वर्षीची कोकण सागरी शर्यत संपली, तेव्हा नऊच्या नऊ बोटी पहिल्या आल्या. याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. आदल्या वर्षीही त्या पहिल्याच आल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी नऊ करंडक वाटले, नऊ वेळा हसून फोटो काढून घेतले आणि भाषणात सांगितलं की, खेळात हारजीत महत्त्वाची नसते, हे आता विज्ञानानं सिद्ध केलं आहे. बघायला आलेली माणसं केव्हाच भजीच्या गाडीकडे वळली होती. तिथं निदान कोणाचा नंबर आधी यावरून बाचाबाची चालू होती.

‘उनाड’ या बोटीच्या थ्रॉटलवर दमयंती तांडेलचा हात होता. नुसता हात. तळव्याखाली थ्रॉटलचा दांडा आपणहून मागेपुढे व्हायचा आणि तिनं फक्त त्यावर हात ठेवून बसायचं. ठेवला नाही तरी चालत होतं, पण फोटोत बरं दिसतं म्हणून आयोजकांनी ती प्रथा चालू ठेवली होती.

पूर्वी तसं नव्हतं. समुद्रावरच्या शर्यतीत पॉवरबोट चालवायला दोघं लागत. एक सुकाणू धरतो, दुसरा वेग सांभाळतो. लाटेच्या माथ्यावरून बोट हवेत उडाली की तिला ढकलणारा पंखा पाण्याबाहेर येतो. त्या क्षणी थ्रॉटल मागे ओढला नाही तर इंजिन मोकाट सुटून शाफ्ट तुटतो. आणि बोट पाण्याला टेकायच्या जराशी आधी तो पुन्हा पुढे ढकलला नाही तर ती दगडासारखी आपटते. हे प्रत्येक लाटेला करायचं. ‘उनाड’च्या सुकाणूवर दमयंतीचा नवरा भालचंद्र असे आणि थ्रॉटलवर ती. दिशा नवऱ्याकडे आणि वेग बायकोकडे, अशी संसाराची वाटणी फार थोड्या घरांत इतकी उघडपणे झाली असेल. मागच्या सीटवर रजब सारंग. इंजिन त्याचं, नकाशा त्याचा, आणि पुढच्या दोघांची भांडणं ऐकून न ऐकल्यासारखं करणं हेही त्याचंच काम.

मग राखणदार आला.

वेशीवरचा राखणदार नारळावर खूश असतो. हा वार्षिक वर्गणीवर होता. बोटीच्या डोलकाठीवर बसवलेलं त्याचं रडार समुद्रावर लहरी सोडायचं आणि परत आलेल्या प्रतिध्वनींतून आसपासच्या सगळ्या लाटांचं चित्र काढायचं. खोल पाण्यात लांब लाटा वेगानं धावतात, आखूड लाटा मागे रेंगाळतात. हा नियम पक्का आहे, त्यात लाटांना सवलत नाही. त्यामुळे आत्ता कुठली लाट कुठे आहे हे कळलं की पुढच्या दीड मिनिटात कुठे कोण कोणाच्या अंगावर चढणार आणि पाणी किती उसळणार, याचं गणित मांडता येतं. राखणदार ते सतत मांडत असे. शिवाय बोटीतल्या प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा. पट्टा नाडी सांगायचा, वय सांगायचा, हाडांची मजबुती सांगायचा. समुद्राचं गणित आणि शरीराचं गणित एकत्र करून राखणदार ठरवायचा की, या वेगाला इजा होण्याची शक्यता किती. ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तो वेग कमी करी. त्यानंही भागलं नाही तर बोट वळवून घरी आणी. विमा कंपन्यांना ही कल्पना इतकी आवडली की, राखणदाराशिवाय बोटीचा विमाच मिळेनासा झाला.

आणि तो वाईट होता असं कोणी म्हणू नये. राखणदार आल्यापासून त्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटीवरचा एकही माणूस दगावला नव्हता, की कोणाला इजा झाली नव्हती. रजबचा जावई ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे कप्तान होता. वादळात राखणदारानं ट्रॉलर परस्पर वळवला, जावई शिव्या घालत घरी आला आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर वादळ बघून गप्प बसला. रजब त्यानंतर रडारला सलाम केल्याशिवाय बोटीत चढत नसे.

शर्यतीचं मात्र असं झालं की, सगळ्या बोटींचे राखणदार एकच गणित मांडत आणि त्याचं उत्तरही एकच येई. नऊ बोटी हातात हात घालून शाळेला निघालेल्या मुलींसारख्या ओळीनं यायच्या.

भालचंद्राला हे मानवलं होतं. त्याचा चेहरा रुबाबदार, मिशी पांढरी. राखणदारवाल्या कंपनीनं त्याला जाहिरातीत घेतला. सावंतवाडीपासून मालवणपर्यंत फलक लागले होते. त्यांवर भालचंद्र छातीवर हात बांधून उभा, आणि खाली अक्षरं: ‘मी निश्चिंत आहे.’

दमयंती त्या फलकाखालून जाताना वर बघत नसे. घरात तोच चेहरा पुरेसा होता.

*

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी धर्मादाय सफर असे. ही प्रथा जुनी, राखणदाराच्याही आधीची. गावाबाहेर ‘विसावा’ नावाचं केंद्र होतं. ज्यांच्यावरचे उपचार संपलेत, आता फक्त वेदना कमी करायच्या, अशी माणसं तिथं राहत. शर्यतीतली प्रत्येक बोट त्यांतल्या एकेकाला समुद्रावर घेऊन जाई. ‘उनाड’चा रिवाज असा की, पाहुण्याला विचारायचं, ‘काय करायचंय?’ आणि ते करायचं. एका गृहस्थांना स्वतःचं घर समुद्रावरून कसं दिसतं ते बघायचं होतं. एका आजोबांना सिस्टरच्या नजरेआड एक विडी ओढायची होती.

या वेळी कालिंदी लिमये आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्याला लोकरीची टोपी, अंगात स्वेटर, आणि त्या स्वेटरात आणखी एक लिमयेबाई मावल्या असत्या एवढी जागा. आयुष्यभर हायस्कुलात बीजगणित शिकवलेलं. सोबत केंद्राच्या सिस्टर रोझलिन.

बाईंनी आधी रजबकडे बघितलं.

“सारंग ना तू? खिडकीजवळचा.”

“होय, बाई.” साठीतला रजब सावधानमध्ये उभा राहिला.

“समीकरणाच्या दोन्ही बाजू तुझ्याकडे अजून भांडतात का रे?”

“आता मी इंजिन बघतो, बाई.”

“म्हणजे भांडतात.”

दमयंतीनं हसू दाबत रिवाजाप्रमाणे विचारलं, “बाई, काय करायचंय?”

“जोरात जायचंय,” बाई म्हणाल्या. “त्या दीपगृहाच्या खडकांना वळसा घालून परत. डोळ्यांतून पाणी येईल इतकं जोरात.”

सिस्टर धक्क्यावरच थांबली. बाकी चौघांनी मनगटाला पट्टे बांधले. बाईंना रजबशेजारी सीटला आवळून बसवलं. ‘उनाड’ धक्क्यापासून सुटली आणि राखणदाराचा गोड आवाज आला: “नमस्कार. आपल्या सुरक्षिततेसाठी वेग सहा नॉट ठेवला आहे. काळजी नसावी.”

सहा नॉट म्हणजे सायकल. तीही भाजी घेऊन येणारी. नऊशे घोड्यांचं इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं. शेजारून एक छोटी होडी त्यांना मागे टाकून गेली. होडीतला माणूस ओरडला, “इंजिन बंद पडला काय रे?”

“अशीच चालते का ही?” लिमयेबाईंनी विचारलं.

“वेग वाढेल थोडा, बाहेर गेल्यावर,” भालचंद्र म्हणाला.

बाहेर गेल्यावर लाटा लागल्या, म्हणून वेग पाच झाला.

“तांडेल,” बाई म्हणाल्या, “माझी अंत्ययात्रा यापेक्षा जोरात जाईल. खांदेकऱ्यांना ऊन लागतं.”

बाई चिडल्या तशी त्यांची नाडी वाढली. नाडी वाढली तसा वेग चारावर आला. हे कळल्यावर त्या आणखी चिडल्या. राखणदारानं मनाशी काय ते ठरवलं. “प्रवासी अस्वस्थ आहेत. आपण परत फिरत आहोत. काळजी नसावी.” भालचंद्राच्या हातातलं सुकाणू आपणहून गरागरा फिरलं, आणि नऊशे घोडे पाहुणीला घेऊन मुकाट्यानं घराकडे वळले.

*

धक्क्यावर कंपनीचा आरोह सबनीस उभा होता. मुलगा सज्जन. कपड्यांना इस्त्री, बोलण्यालाही. त्यानं बाईंना हात देऊन उतरवलं आणि सगळं समजावून सांगितलं.

“आजी, राखणदार भेदभाव करत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक जीव सारखाच मोलाचा.”

“मला आजी म्हणू नकोस, बाई म्हण. माझं उरलेलं आयुष्य किती धरलंय त्यानं?”

आरोहनं फोनवर बघितलं. “सरासरी तक्त्याप्रमाणे... साधारण नऊ वर्षं.”

“हे माझ्या डॉक्टरांना कळव. त्यांना फार आनंद होईल. ते दिवाळीपर्यंत म्हणतायत.”

आरोह कानापर्यंत लाल झाला. पण पोरगा प्रामाणिक. म्हणाला, “डॉक्टरांचा अंदाज आम्हाला घालता येत नाही, बाई. एकदा तो घातला, तर कोणाच्या जिवाची किंमत कमी ठरवायची, ते यंत्र ठरवायला लागेल. ते बरोबर नाही.”

“बरोबर नाही,” बाईंनी मान्य केलं. “उत्तर बरोबर आहे तुझं. पण प्रश्न माझा होता आणि मला कोणी विचारलाच नाही.”

आरोहनं मग पिशवीतून एक जाडजूड चष्मा काढला. त्यात ऐंशी नॉटची सफर होती, वाऱ्याच्या आवाजासकट. बाईंनी तो डोळ्यांना लावला, मिनिटभर बघितलं आणि काढून परत दिला.

“छान आहे. फक्त यात मी नाही.”

आरोहला जेवायला बोलावणं होतं. तो वाईट वाटलेल्या चेहऱ्यानं खानावळीकडे गेला. बाई धक्क्यावरच्या बाकावर टेकल्या आणि त्यांनी दमयंतीला जवळ बोलावलं.

“तुम्ही थ्रॉटलवर ना? मग दिवसभर करता काय?”

“हात ठेवते.”

“कशासाठी?”

“फोटोत बरं दिसतं,” दमयंती म्हणाली आणि आपलं उत्तर तिलाच चुकीचं वाटलं. सव्वीस वर्षं शर्यती केलेल्या बाईला असं उभ्या उभ्या नापास व्हायची सवय नव्हती.

“वर्षभर सगळे मला काचेच्या भांड्यासारखं धरतायत,” लिमयेबाई म्हणाल्या. “माझ्याशी कोणी मोठ्या आवाजातसुद्धा बोलत नाही. गेल्या महिन्यात मुद्दाम भांडण काढलं, तर समोरचा म्हणाला, तुमचंच खरं. असं जगण्यापेक्षा... मला एकदा भीती वाटायला हवी आहे हो. हॉस्पिटलची नव्हे. चांगली, खरी भीती. तुम्हाला जमत असेल तर सांगा, नसेल तर मी तो चष्मा परत मागते.”

जमत असेल तर! दमयंतीनं आपल्या उजव्या तळव्याकडे बघितलं. घट्टे केव्हाच गेले होते. राखणदार आल्यापासून या हातानं एकही लाट घेतली नव्हती. आणि समोरची बाई वाळक्या पानासारखी. हात चुकला तर? तिनं रजबकडे बघितलं. रजबनं जावयाला वाचवणाऱ्या राखणदाराच्या रडारकडे बघितलं, मग बाईंकडे.

“रिकामी फेरी करूक येतली,” तो हळूच म्हणाला.

हे शर्यतवाल्यांनाच कळणारं. नवा पंखा बसवला, इंजिनात काही बदल केला की पहिली चाचणी माणसांवर करायची नाही, अशी पद्धत. सीटवर प्रत्येकाच्या वजनाची वाळूची पोती बांधायची, पट्टे धक्क्यावर काढून ठेवायचे आणि रिमोटवर बोट सुसाट सोडायची. त्यासाठी राखणदारात एक खास बटण होतं: रिकामी फेरी. ते दाबलं की तो गप्प बसे, कारण बोटीत जपण्यासारखं कोणी नसे. राखणदाराची माणसाची व्याख्या साधी होती. ज्याच्या मनगटाला पट्टा, तो माणूस. बाकी सगळं सामान.

“आमी पोती होऊया,” रजब म्हणाला. “बाईंका पोता म्हणतंय, अल्ला माफ कर.”

“चालेल,” लिमयेबाई म्हणाल्या. “हल्ली वजन तेवढंच आहे.”

राहिला भालचंद्र. तो दोराच्या वेटोळ्यावर बसून मिशी चावत होता.

“गो, लायसन जातला. तुझा, माझा, रजबचा. जन्माचा जातला. पुढच्या वर्षी शर्यत नाय, काय नाय. आणि माझो फोटो लागलो हा सगळीकडे.”

“फोटो हंयच ऱ्हांवदे,” दमयंती म्हणाली. “तू चल.”

“आणि तिका काय झाला तर?”

“तर माझ्या हातान झाला म्हणान सांगेन. चार वर्षां माझ्या हातान कायच झाला नाय.”

भालचंद्र वेटोळ्यावरून उठला. मग मनगटावरचा पट्टा सोडायला लागला.

चार पट्टे सिस्टर रोझलिनच्या ओंजळीत पडले. “मी पाठ करून उभी राहते,” ती म्हणाली. “मला समुद्र नुसता बघूनही लागतो.”

*

रजबनं ‘रिकामी फेरी’चं बटण दाबलं. बंदराचं तोंड ओलांडेपर्यंत दमयंतीनं बोट हळू ठेवली. दांडा तळव्याखाली मेल्यासारखा पडला होता. आपणहून हलत नव्हता. तिनं तो पुढे ढकलला.

‘उनाड’नं नाक वर केलं आणि ती धावत सुटली.

पहिल्या तीन लाटा बऱ्या गेल्या. चौथी चुकली. बोट हवेत असताना दमयंतीनं थ्रॉटल मागे घेतला आणि पुन्हा द्यायला उशीर केला. फार नाही, डोळ्याची पापणी लवेल एवढाच. ‘उनाड’ पोटावर आपटली. दात दातांवर बसले. मागून ‘हं’ असा बारीक आवाज आला.

दमयंतीनं वेग तोडला आणि मागे वळली. लिमयेबाईंचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“बाई, लागलं?”

“लागलं.”

“परत फिरू?”

“मी म्हणाले का तसं?”

“बाई, मी चुकले. हात बसलेला नाहीये माझा.”

“मग बसवा,” बाई दात आवळून म्हणाल्या. “वर्ग अर्धवट सोडून जायची सवय मला नाही.”

परत फिरणं सोपं होतं. परत फिरणं बरोबरही होतं. राखणदार असता तर केव्हाच फिरला असता. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं फक्त डावा खांदा किंचित पाडला. समोर मोठी लाट डाव्या अंगानं येतेय, हे सांगायची त्याची जुनी खूण. तो खांदा तिनं चार वर्षांत बघितला नव्हता, कारण बघायचं कारण नव्हतं.

तिनं दांडा पुढे ढकलला.

“आता सोड गो!” भालचंद्र लाटेच्या माथ्यावर ओरडला.

“गप ऱ्हव, सुकाणू बघ!”

“उशीर करतंस!”

“तू वाकडी घेतंस म्हणान उशीर होता! सरळ घे मेल्या!”

राखणदार आल्यापासून त्यांच्यात एकही भांडण झालं नव्हतं. यंत्र चुकायचं नाही, मग भांडायचं कशावरून? संध्याकाळी दोघं दोन खुर्च्यांवर बसून चहा प्यायची आणि भालचंद्र त्याला शांतता म्हणायचा. आता दोघं घसा फोडून एकमेकांच्या चुका काढत होती आणि चुका कमी होत होत्या. खांदा पडायचा, हात मागे यायचा; बोट टेकायची, हात पुढे जायचा. आपटण्याचा आवाज बदलला. आधी दगडासारखा होता, मग दार लावल्यासारखा, मग नुसता ‘फस्स’. पाणी फाटत होतं. वारा चेहऱ्यावरची कातडी मागे ओढत होता. मागे रजब मोठ्यानं दुवा म्हणत होता, आणि त्याच्या आवाजावर आवाज चढवून लिमयेबाई ओरडत होत्या, “अजून! सारंग, त्यांना सांग, अजून!”

दीपगृहाचा खडक अंगावर आला. भालचंद्रानं बोट कुशीवर घातली आणि ‘उनाड’ पाण्यावर जणू कोपर टेकून वळली. खडकाच्या कपारींतून पाकोळी पक्ष्यांचा काळा लोट उठला आणि डोक्यावरून गेला. लिमयेबाईंची टोपी उडाली. त्यांनी ती धरायचा प्रयत्नही केला नाही. टक्कल पडलेलं डोकं वाऱ्यात धरून त्या रडत होत्या. हसत होत्या, कण्हत होत्या. यातलं काय कशामुळे, हे सांगणं त्यांनाही जमलं नसतं. बहुतेक सगळं भीतीमुळे.

परत येताना बंदर दिसल्यावर त्यांनी पुढे वाकून दमयंतीच्या खांद्यावर बोट टेकवलं.

“कुठली तरी बरगडी गेलीय माझी,” त्या तिच्या कानात ओरडल्या. “चौथ्या लाटेला. त्यानंतर एकही चूक नाही.”

*

एक्स-रेमध्ये डाव्या बाजूची सहावी बरगडी तडकलेली निघाली. लिमयेबाईंनी ‘विसावा’त ती बातमी स्वतः सगळ्यांना सांगितली. शेजारच्या खोल्यांतली माणसं बघायला येऊ लागली. त्या प्रत्येकाला लाटा, खांदा, पाकोळ्या असं क्रमानं सांगत, आणि श्वास घेताना कळ आली की थांबून म्हणत, “ही बघा, इथं.” सलाइन लावायला आलेल्या सिस्टरनं चादर नीट करताना हात हळू लावला तर त्यांनी तिला झापलं. त्या आठवड्यात केंद्रात भांडणं वाढली होती. सगळ्यांना बरं वाटत होतं.

दमयंती रोज जाऊन बसायची. एकदा तिनं माफी मागितली.

“कशाबद्दल? बरगडीबद्दल?” बाई म्हणाल्या. “अहो, एवढ्या माणसांनी सांभाळली ती, कामाला आली तुमच्यामुळे.”

बाईंची गोष्ट केंद्राबाहेर पोचली आणि सागरी सुरक्षा मंडळानं चौकशी लावली. मग आरोह तांडेलांच्या घरी आला. चहा घेतला, दोनदा बशीत सांडला. कंपनीचा प्रस्ताव असा होता: राखणदाराची नोंद सांगते की, त्या दुपारी ‘उनाड’ रिकामी होती. रिकामी बोट धावली, यात गुन्हा नाही. चौकशीत कोणी उलट बोललं नाही तर सगळ्यांचे परवाने शाबूत, फलक शाबूत, किनाऱ्यावरचा शून्य इजांचा विक्रमही शाबूत.

“आणि बाईंची बरगडी?” दमयंतीनं विचारलं.

आरोहनं मान खाली घातली. “बाथरूममध्ये पडल्या, असं लिहिणार आहेत.”

हे लिमयेबाईंना कळलं तेव्हा त्या उठून बसल्या. उठायचं बळ कुठून आलं, हे डॉक्टरांना कळलं नाही. “बाथरूममध्ये?” त्या म्हणाल्या. “मी? आयुष्यात कधी बाथरूममध्ये पडले नाही मी! एवढी मोठी लाट घेतली आणि हे मला बादलीवर पाडतायत?” त्यांनी दमयंतीचा हात धरला. पकड अजून खडूवर ठेवावी तशी घट्ट होती. “हे खोडून काढा, तांडेल. चुकीचं उत्तर फळ्यावर राहता कामा नये.”

दिवाळी उलटून आठवडाभरानं त्या गेल्या. झोपेत, बिछान्यात, राखणदाराच्या तक्त्याप्रमाणे संपूर्णपणे सुरक्षित स्थितीत. बरगडी तेव्हा अर्धीमुर्धी जुळली होती.

*

चौकशी रत्नागिरीला झाली. सागरी सुरक्षा मंडळाचे कॅप्टन धोंड निवृत्तीला आले होते आणि त्यांना ती निवृत्ती शांतपणे हवी होती. त्यांनी राखणदाराची नोंद वाचली. बोटीतील व्यक्ती: शून्य. मग चष्म्यावरून समोरच्या तिघांकडे बघितलं.

“श्रीमती तांडेल, या नोंदीबद्दल काही म्हणायचंय? नसेल तर आपण इथंच संपवू. ज्यांची तक्रार असू शकली असती, त्या बाई आता नाहीत.”

आरोह खाली बघत होता. भालचंद्राच्या मिशीला घाम आला होता. दमयंतीला एकदम सगळं दिसलं: पुढची शर्यत, नऊ करंडक, तळव्याखाली आपणहून हलणारा दांडा. आणि मरेपर्यंत दर वर्षी फोटोत बरा दिसणारा तिचा हात.

ती उभी राहिली.

“नोंद खोटी आहे. बोटीत मी होते. थ्रॉटल माझ्या हातात होता. कालिंदी लिमये मागे बसल्या होत्या आणि त्यांची बरगडी माझ्या चुकीनं मोडली. चौथ्या लाटेला. बाथरूम त्यात कुठेही नव्हतं.”

“बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?” कॅप्टन धोंड कळवळून म्हणाले. “मी हे लिहिलं तर परवाना जन्माचा रद्द करावा लागेल.”

“लिहा.”

“आणि बोटीत माणसं असून राखणदाराला दिसली नाहीत, हेही लिहावं लागेल.”

“तेही लिहा. त्याला दिसली नाहीत म्हणून आम्ही नव्हतो, असं होत नाही. त्या बाई होत्या. ओरडत होत्या. कुठे जायचं, किती जोरात, आणि परत फिरायचं की नाही, ते त्यांनी ठरवलं. तुम्ही तिथं शून्य लिहून ठेवलंय. ते खोडा आणि चार लिहा.”

आरोहनं पहिल्यांदाच मान वर केली.

मग खुर्ची सरकली. भालचंद्र उठला. घसा खाकरला. सबंध किनाऱ्यावर निश्चिंत म्हणून प्रसिद्ध असलेला तो माणूस खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होता.

“सुकाणूवर मी होतो. बोट थोडी वाकडी घेतली होती. उशीर एकट्या तिचा नव्हता.”

“आता कबूल करतंस!” दमयंती म्हणाली.

“मी मागच्या सीटवर,” रजब म्हणाला. “बाईंच्या शेजारी. या वेळी खिडकीजवळ नव्हतो.”

कॅप्टन धोंडांनी पेन उघडलं, बंद केलं, शेवटी उघडलं. शून्यावर काट मारली.

संध्याकाळपर्यंत तिघांचे परवाने गेले. आठवड्याभरात फलकांवर भालचंद्राच्या जागी एक डॉल्फिन आला. तोही निश्चिंत होता. कंपनीनं पत्रक काढून जाहीर केलं की, त्रुटी दूर करण्यात येत असून मार्चपासून येणाऱ्या नव्या राखणदारात सीटवरच्या कुठल्याही वजनाला माणूस समजलं जाईल. म्हणजे यापुढे वाळूच्या पोत्यांनाही सहा नॉटच्या वर नेता येणार नव्हतं.

हे पत्रक भालचंद्र अंगणात मोठ्यानं वाचून दाखवत असताना दमयंतीचा फोन वाजला. सिस्टर रोझलिन होती. आवाज चोरटा, मागे कोणीतरी कोणाशी जोरजोरात वाद घालत होतं.

“ताई, तुम्हाला विचारायला नको खरं तर. पण इथं दोघं ऐकतच नाहीत. एक पोस्टमास्तर होते ते आणि एक त्या वरच्या खोलीतल्या काकू. आधी कोण जाणार, यावरून भांडतायत. मी सांगितलं, आता त्यांचं लायसन गेलं. तर म्हणतात, विचार तरी.”

भालचंद्रानं पत्रक खाली ठेवलं. तो बायकोकडे बघत होता. त्याचा डावा खांदा हळूच खाली आला.

“लायसन नाय आता,” तो पुटपुटला. “पकडलो तर?”

“होता तेवढा घेतल्यानी,” दमयंती म्हणाली. “आता आणखी काय घेतीत?” मग फोनमध्ये म्हणाली, “सिस्टर, मार्च यायला वेळ आहे. शनिवारी सकाळी दोघांनाही आणा, एकामागून एक नेते. आणि दोघांना आधीच सांगून ठेवा, माझा हात अजून पूर्ण बसलेला नाही.”

पलीकडे सिस्टरनं फोन बाजूला धरून तो निरोप दिला असावा. मग वरच्या खोलीतल्या काकूंचा आवाज आला, फोनपासून लांब, पण अगदी स्पष्ट:

“मग पहिली मी!”